घरी साबण करणारे आहेत का इथे? (खोबरेल, शेंगतेल, मुठेल वगैरे)

तळकोकणी :
घरच्या साबणाबद्दल विचारणारे खूप भेटतात, पण बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. हाती आलेली कृती ऑलिव्ह, शिया नि पामतेलाची असते. ऑलिव्हचा भाव बघितला की माणूस विचार सोडून देतो. म्हणून हा धागा काढते आहे. आपल्याकडे घाण्यावर जी तेलं मिळतात त्यांचा उत्तम साबण होतो. फक्त कुठल्या तेलाला कॉस्टिक सोडा किती लागतो, हे ग्रॅममध्ये काढता आलं पाहिजे. ते जमलं की कृती कुणाकडे मागायला नको.

हिशेब असा. एक ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण व्हायला खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, शेंगतेलाला ०.१३६, तिळाला ०.१३३, एरंडेलाला ०.१२८, मोहरीला ०.१२४, आणि आमच्या कोकमतेलाला म्हणजे मुठेलाला साधारण ०.१३४. खोबरेलाचा आकडा बाकीच्यांपेक्षा किती वर आहे बघा. खोबरेलाच्या कृतीत कुणी नुसतं शेंगतेल घातलं आणि कॉस्टिक तेवढंच ठेवलं, तर चौथा हिस्सा कॉस्टिक तसंच उरेल आणि तो साबण कातडी सोलेल. वाटी-चमच्याच्या मापाने साबण करू नये, ते याचसाठी.

माझं नेहमीचं प्रमाण देते : खोबरेल २०० ग्रॅम, शेंगतेल २००, मुठेल ५०, एरंडेल ५०. एकूण ५०० ग्रॅम. वरच्या आकड्यांनी गुणून बेरीज केली की कॉस्टिक ७६.९ ग्रॅम येतं. त्यातलं पाच टक्के कमी करायचं, म्हणजे थोडं तेल साबण न होता मोकळं राहतं आणि त्वचेला बरं वाटतं. उरतं ७३ ग्रॅम. पाणी त्याच्या दुप्पट, १४६ ग्रॅम. खोबरेल फेस देतं आणि वडी घट्ट करतं, एरंडेल तो फेस टिकवतं, शेंगतेलाने साबण सौम्य होतो, मुठेलाने वडी लवकर झिजत नाही.

मुठेल ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळतात. वर आलेली चरबी काढून मुठीत वळतात. फिकट पिवळट, लांबोडका, कडक गोळा. आमच्याकडे थंडीत टाचांना भेगा पडल्या की तोच गरम करून चोपडतात. हा गोळा पूर्ण वितळेपर्यंत तेल तापवायचं आणि साबण कालवताना तापमान ४०-४५ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. नाहीतर मुठेल गोठायला लागतं, मिश्रण दाट दिसतं आणि वाटतं साबण आला. प्रत्यक्षात कॉस्टिक आणि तेल अजून वेगळंच असतं.

कृती थोडक्यात. हातात रबरी मोजे, डोळ्यांना बंद चष्मा, खिडकी उघडी, मुलं आणि मांजर बाहेर. पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं घालायचं. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही. पाणी चुलीशिवाय ८०-९० अंशांपर्यंत तापतं, वाफ नाकात जाऊ द्यायची नाही. ते निवून तेलाच्या तापमानाजवळ आलं की तेलात ओतायचं आणि हँड ब्लेंडर मधूनमधून चालवायचा. मिश्रण पातळ पिठल्यासारखं झालं, चमच्याने ओघळ टाकला आणि त्याची रेघ वर उमटून राहिली, की साच्यात ओतायचं. श्रीखंडाचा रिकामा डबा झकास साचा होतो. वर टॉवेल गुंडाळायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी उभ्या ठेवायच्या.

भांडं स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियम आणि हिंडालियम अजिबात नको. कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. ब्लेंडरच्या पात्याभोवतीची वाटी कशाची आहे तेही बघून घ्या.

आता तुमच्याकडची तेलं, तुमचे अनुभव, अडचणी येऊ द्या.

नवशिकी :
ताई, किती छान लिहिलंय! पण कॉस्टिक म्हटलं की पोटात गोळा येतो. कॉस्टिक न वापरता साबण नाहीच का करता येत? मी एका कार्यशाळेला गेले होते, तिथे नुसता बेस वितळवून रंग-सुगंध घातला होता.

प्रयोगवही :
मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून याचं उत्तर देतो. नाही करता येत. तो पारदर्शक बेस कारखान्यात अल्कलीनेच, म्हणजे कॉस्टिकसारख्याच पदार्थाने, तयार झालेला असतो. आपण फक्त वितळवून आकार देतो. मुलांसोबत सुट्टीत करायला ते छानच आहे, मी स्वतः सातवीच्या वर्गात करून घेतो. पण तेलापासून साबण हवा असेल तर अल्कली लागणारच.

भीती वाटते ती मात्र योग्य आहे, ती असू द्या. कॉस्टिक अंगावर उडालं तर लगेच नळाखाली धरा, १५-२० मिनिटं वाहतं पाणी. कपड्यावर उडालं तर कपडा आधी उतरवा. व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नका, दोन्ही एकमेकांशी भिडतात तेव्हा आणखी उष्णता निघते. डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत धूतच दवाखाना गाठा.

आणि तयार साबणात कॉस्टिक उरतं का? हिशेब बरोबर असेल आणि वजन बरोबर घेतलं असेल तर नाही. ते सगळं तेलात खर्ची पडलेलं असतं. जिभेच्या टोकाला वडी किंचित लावून बघायची जुनी पद्धत आहे. नुसती साबणाची चव लागली तर ठीक. बारीक झटका बसला तर त्या वडीत कॉस्टिक मोकळं आहे, ती अंगाला वापरायची नाही. चांगला मुरलेला साबणही अल्कलीच असतो, पीएच ९ ते १०. तो लिंबू घालून खाली आणायचा प्रयत्न काहीजण करतात. तसं केलं की साबण फाटतो, त्याची परत चरबी होते.

घाटमाथा :
लातूरकडून बोलतोय. आमच्याकडे करडईचं तेल उदंड, घाण्यावर समोर काढून मिळतं. त्याचा साबण केला. दिसायला सुरेख, पण दीड-दोन महिन्यांत त्यावर नारिंगी ठिपके आले आणि जुन्या शेवेसारखा खवट वास यायला लागला. प्रमाण निम्मं करडई, निम्मं खोबरेल. वजन काटेकोर घेतलं होतं. कशामुळे होत असेल?

दुसरं म्हणजे आमच्या बोअरच्या पाण्यात कुठलाच साबण फेसत नाही, बादलीला पांढरा चिकट थर बसतो.

प्रयोगवही :
घाटमाथा, ठिपके खवटपणाचेच आहेत. करडई आणि सूर्यफूल या तेलांमध्ये लिनोलिक आम्ल भरपूर. ते हवेतल्या ऑक्सिजनशी लवकर जुळतं. जेवणात ही तेलं उत्तम, साबणात मात्र मोकळं राहिलेलं पाच टक्के तेल तेवढंच खवटायला कारण होतं. करडई १०-१५ टक्क्यांवर नेऊ नका. तुमच्या भागात शेंगतेलही मिळतं, मुख्य भार त्याच्यावर टाका. वड्या लोखंडी जाळीवर वाळवत असाल तर तेही थांबवा, लोखंडाने हे काम आणखी वेगाने होतं.

थराचं कारण पाण्यातला कॅल्शियम नि मॅग्नेशियम. साबण त्यांच्याशी जुळून विरघळेनासा होतो, तोच तो चिकट थर. यावर उपाय म्हणजे साबणात सोडियम सायट्रेट. ते वेगळं आणायची गरज नाही. किराणा दुकानातलं सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबूसत्त्व तेलाच्या २ टक्के घ्या, पाण्यात आधी विरघळवा. ५०० ग्रॅम तेलाला १० ग्रॅम. पण हे आम्ल स्वतःही कॉस्टिक खातं, एका ग्रॅमला ०.६२ ग्रॅम. तेव्हा तळकोकणी यांच्या प्रमाणात ७३ च्या जागी कॉस्टिक ७९ ग्रॅम घ्यावं लागेल. हे वाढीव सहा ग्रॅम विसरलात तर साबण मऊ आणि तेलकट होईल.

घाटमाथा :
वाळवायला लोखंडी जाळीच होती सर! बांबूची रोवळी आणतो आता. मनापासून आभार.

पिंपळपान :
रंगांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण मला यातच सगळ्यात जास्त आनंद आहे. स्वयंपाकघरातले बहुतेक रंग कॉस्टिकपुढे टिकत नाहीत. बीट तपकिरी होतं. जास्वंदीचा सुंदर लाल रंग राखाडी-तपकिरीवर जातो. कडुलिंबाच्या पानांची पूड आधी हिरवीगार, मग महिन्याभरात शेवाळी, मग खाकी.

हळद बघण्यासारखी. कच्च्या साबणात हळदीचं बोट लावलं की क्षणात लालभडक. पूर्वी हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करायचे ना, तेच इथे डोळ्यांसमोर घडतं. साबण मुरेल तसा तो लाल उतरतो आणि मातकट नारिंगी राहतो, तोही उन्हात ठेवला की फिका पडतो. पण हळद अर्ध्या चमच्याच्या वर घालू नका, पंचा पिवळा होतो.

टिकणारे रंग मातीचे : गेरू, मुलतानी माती, कोळशाची वस्त्रगाळ पूड. खरी नीळ टिकते आणि फार गोड निळा देते. रतनजोत शेंगतेलात आठवडाभर भिजवून ठेवली तर तेल माणकासारखं होतं, आणि कॉस्टिक पडताच जांभळट-निळं. गेरू घालून ओतलेली एक वडी न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवा, दिवसभर बघत राहावंसं वाटतं.

दूरदेशी :
टोरांटोहून नमस्कार. इथे उलटी गंमत आहे. ऑलिव्ह सहज मिळतं, मुठेल शोधावं लागतं. मी बहुतेक नुसत्या ऑलिव्हचा करते. त्याला घाई चालत नाही. सहा आठवड्यांनी वापरला तर बुळबुळीत लागतो, सहा महिन्यांनी वापरला तर सायीसारखा फेस. हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी की वड्या पटकन सुकतात, तो एक फायदा.

सीरियातल्या अलेप्पोत ऑलिव्ह आणि गार म्हणजे लॉरेलच्या फळांचं तेल उकळून साबण करतात. तो जमिनीवर ओततात, थिजला की कापतात आणि चळती रचून महिनोन् महिने वाळवतात. बाहेरून पिवळा-तपकिरी, कापला की आत हिरवा. २०२४ साली युनेस्कोने ही कला आणि पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसची साबणकला, दोन्ही अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या. इतक्या उलथापालथीत ज्यांनी हे हातचं काम सोडलं नाही त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्याकडच्या मुठेलाचंही असं काही व्हावं असं मनापासून वाटतं.

तळकोकणी :
दूरदेशी, अगदी मनातलं बोललीस. आमच्याकडे कोकमाची सालं आगळ-आमसुलांना जातात आणि बिया कितीतरी घरांत उकिरड्यावर. मुठेल करणाऱ्या बायका आता वयस्कर झाल्या, पुढच्या पिढीला तेवढा वेळ नाही. साबण करणाऱ्यांनी मागणी ठेवली तर निदान बिया तरी वाया जाणार नाहीत. मी दर मे महिन्यात शेजारच्या काकूंकडे आधीच सांगून ठेवते.

चिकित्सक :
माहिती उत्तम आहे, पण एक शंका. बाजारच्या साबणात असं काय वाईट आहे? वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण चरबीयुक्त आम्लांचं शेकडा प्रमाण, ७६ लिहिलेलं असतं. घरच्या साबणाचा टीएफएम कुणी मोजलाय? आणि 'केमिकल-फ्री' म्हणून जे विकतात ते मला पटत नाही.

प्रयोगवही :
शंका रास्त आहे. 'केमिकल-फ्री' हा शब्द मलाही पटत नाही, कॉस्टिक हे रसायनच आहे आणि पाणीसुद्धा. बाजारचा पहिल्या प्रतीचा अंघोळीचा साबण चांगला असतो. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीला टीएफएम किमान ७६ लागतो, दुसरीला ७०, तिसरीला ६०. 'बेदिंग बार' लिहिलेलं असेल तर तो आणखी कमी चालतो. दुकानात हातात घेऊन बारीक अक्षरं वाचावीत.

तळकोकणी यांच्या प्रमाणाचा अंदाज मी कागदावर काढला. ५०० ग्रॅम तेल, ७३ कॉस्टिक, सुकल्यावर उरलेलं थोडं पाणी, असं धरून टीएफएम ७० ते ७५च्या दरम्यान येतो. फरक ग्लिसरीनचा. तेलाच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा ग्लिसरीन तयार होतं. मोठ्या कारखान्यात ते बऱ्याचदा वेगळं काढून विकतात, कारण त्याला स्वतंत्र बाजार आहे. घरच्या वडीत ते सगळं आतच राहतं. थंडीत अंग कमी ओढलं जातं ते त्यामुळे आणि मोकळ्या तेलामुळे.

आणि देशी साबण म्हणजे काल-परवाची गोष्ट नाही. बंगळुरूचा सरकारी साबण कारखाना १९१६चा. पहिल्या महायुद्धात चंदनाची निर्यात अडली आणि म्हैसूर संस्थानाने ते चंदन साबणाकडे वळवलं. त्याच सुमारास मुंबईत गोदरेजने प्राण्यांची चरबी न घालता वनस्पती तेलांचा 'चावी' साबण काढला. साबणात चरबी असते म्हणून जी घरं तो शिवत नव्हती, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

चिकित्सक :
उत्तर पटलं. धन्यवाद. एक वडी करून बघावीशी वाटतेय.

फराळवाली :
दिवाळीनंतर तळणीचं तेल उरतं, ते ओतून द्यायला जीव होत नाही. त्याचा साबण होईल का?

तळकोकणी :
होईल, आणि लादी-भांडी-पायपुसण्यांसाठी छान होईल. आधी तेलाएवढंच पाणी घालून उकळा, थंड करा, खालचं जळकं पाणी नि कण टाकून वरचं तेल घ्या. दोनदा केलं तर वासही जातो. तेल सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं असेल तर ०.१३४च्या जवळपास धरा, त्यात तीस टक्के खोबरेल मिसळा, म्हणजे वडी घट्ट होईल आणि मळ काढेल. मोकळं तेल फक्त एक-दोन टक्के ठेवा. अंगाला मात्र लावू नका, तळलेलं तेल किती बिघडलंय ते घरी कळत नाही.

तेलावरून आठवलं, केसांचं सुवासिक बाटलीतलं तेल साबणाला घेऊ नका. बऱ्याच बाटल्यांत खनिज तेल मिसळलेलं असतं. बारीक अक्षरांत 'मिनरल ऑइल' किंवा 'लिक्विड पॅराफिन' लिहिलेलं दिसेल. त्याचा साबण होतच नाही, कॉस्टिक मोकळंच राहतं.

माहेरवाशीण :
आजी राखेच्या पाण्याने साबण करायची असं ऐकलंय. ते जमेल का आता?

प्रयोगवही :
जमतं, पण हिशेब बसत नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, त्यात चुना घातला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिळतं. त्याचा साबण मऊ, लापशीसारखाच राहतो, वडी होत नाही. शिवाय कुठल्या लाकडाची राख, किती पाणी, यावर जोर बदलतो. भांडी घासायला करून बघा. अंगासाठी नको.

बचतगट सखी :
आमच्या गटातल्या बायकांना हे शिकवावं असं वाटतंय. जत्रेत, प्रदर्शनात विकता येईल का?

तळकोकणी :
सखी, शिकवा जरूर. विकायचं असेल तर आधी परवाना. साबण हे सौंदर्यप्रसाधनात मोडतं, सौंदर्यप्रसाधने नियम २०२० खाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादन परवाना घ्यावा लागतो. वेष्टनावर घटक, वजन, तुकडीचा क्रमांक, तयार केल्याची तारीख हे सगळं यायला हवं. 'मुरूम बरे होतात', 'गजकर्ण जातं' असलं काही लिहू नका. तसं लिहिलं की तो औषधाचा दावा होतो आणि भाबडी माणसं इलाज सोडून साबणावर विसंबतात. परवाना मिळेपर्यंत घरी, नातेवाइकांत वापरा. आणि ज्यांना द्याल त्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना, तेवढं विचारा. असेल तर शेंगतेलाच्या जागी तीळ चालणार नाही असं नाही, पण तिळाचीही काहींना असते. तांदळाच्या कोंड्याचं तेल बरं, फक्त त्याचा आकडा वेगळा असतो, हिशेब नव्याने मांडा.

नवशिकी :
मला आता धीर आलाय. पण आमच्याकडे ठाण्यात पाऊस सुरू झालाय. आत्ता करू की दसऱ्यापर्यंत थांबू?

तळकोकणी :
करायला हरकत नाही, वाळायला दोन आठवडे जास्त धर. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसात वड्यांना घाम फुटल्यासारखे थेंब येतात. साबण बिघडलेला नसतो. वड्या बंद कपाटात कोंडू नकोस, पंख्याच्या वाऱ्यात ठेव, दोन-तीन दिवसांनी बाजू बदल. वर पांढरी भुकटी आली तर तो धुण्याचा सोडा आहे, कॉस्टिक आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून झालेला. सुरीने खरवडला की झालं.

पावसाळ्यात जास्त जपायचं ते कॉस्टिकला. उघडं राहिलं की ते हवा आणि पाणी पिऊन चिकट होतं, त्याचा जोर कमी होतो, मग ७३ ग्रॅम मोजूनही प्रत्यक्षात कमीच पडतं. मोठी पिशवी आणू नकोस. अर्धा किलो आण, शुद्धता ९८ टक्क्यांच्या वर असलेलं. मोरीचा नळ मोकळा करायची पूड घेऊ नकोस, तिच्यात इतर काय काय असतं. घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात ठेव, वर ठळक अक्षरात नाव लिही आणि स्वयंपाकघरात ठेवू नकोस. मीठ किंवा साखर समजून कुणी हात घालता कामा नये.

पहिल्यांदा मुठेल वगळलंस तरी चालेल. खोबरेल २००, शेंगतेल २५०, एरंडेल ५० : कॉस्टिकची बेरीज ७७ येते, पाच टक्के वजा करून ७३ ग्रॅम. सुगंधाचं तेलही पहिल्या वेळी घालू नकोस. लवंगेच्या तेलाने तर मिश्रण भांड्यातच घट्ट होतं, ओतायला वेळ मिळत नाही.

नवशिकी :
चालेल, रविवारी करते. दहा ग्रॅमच्या काट्यावर चालेल का? घरात तोच आहे.

तळकोकणी :
नाही चालणार. ७३च्या जागी ८० गेलं तर मोकळं ठेवलेलं सगळं तेल संपून वर कॉस्टिक उरेल. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आण, आणि सुरू करण्याआधी त्याचे सेल नवे घाल. सेल उतरले की काटा मधेच आकडा बदलतो.